64 पानं, पाच नवखे, तीन तास

शनिवारची रात्र, आठ ते अकरा. टेबलाभोवती पाच जण, त्यांपैकी कुणीही रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र घेऊन ते बोलून वठवायचा खेळ, आधी खेळलेला नाही. सहावा खेळ चालवणारा, म्हणजे डीएम. अकराला सगळ्यांना घरी निघायचं आहे आणि पुढच्या शनिवारी या पाचांतले तिघेच येतील असं धरून चालायचं. एवढ्या वेळात पात्रं तयार व्हायला हवीत, मंडळी भुयारात उतरायला हवी, थोडा जिवाला घोर, थोडी कमाई, आणि जे वाचतील ते बाहेर.

हे प्रकरण इथे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1981 च्या बेसिक नियमांनी सोडवलं आहे. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेली ही पुस्तिका 64 पानांची, पहिल्या तीन पातळ्यांपुरती. त्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीतलं खेळाडूंचं पुस्तक (2014) एकटंच 320 पानांचं आहे. पण पानं कमी म्हणून खेळ झटपट होतो, हा समज अर्धाच खरा. एका पानाचे खेळही आहेत, आणि नवख्या डीएमच्या हातात ते कधीकधी जास्त रखडतात, कारण दर दोन मिनिटांनी त्याला काहीतरी मनानं रचावं लागतं. 1981 ची पुस्तिका पळते ती वेगळ्या कारणानं. डीएम जिथे अडतो नेमक्या तिथे तिनं फासा ठेवला आहे, आणि जिथे अडत नाही तिथे ती गप्प बसते.

आदल्या दिवशीचा एक तास

चौकडीच्या कागदावर दहा खोल्या काढा. पडक्या गढीखालचं तळघर पुरे. एक चौकट म्हणजे दहा फूट. खोल्यांची मापं फुटांत बोलायची सवय आपल्याला आहेच. प्रत्येक खोलीसाठी सहा बाजूंचा फासा: 1-2 आला तर राक्षस, 3 सापळा, 4 काहीतरी विशेष, 5-6 रिकामी. मग खजिन्यासाठी दुसरा फासा: राक्षसाच्या खोलीत 1 ते 3 ला खजिना, सापळ्याच्या खोलीत 1-2 ला, रिकाम्या खोलीत फक्त 1 ला.

नवखा डीएम इथे पहिली चूक करतो ती रिकाम्या खोल्या भरून टाकण्याची. एक तृतीयांश खोल्या रिकाम्या असणं हा आळस नाही. खेळाडूंना दार उघडण्याआधी विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे पलीकडे काही नसण्याची शक्यता. शिवाय पळताना लपायला, जखमी माणसाला टेकवायला, पाठलाग अडवायला जागा लागते. दहाच्या दहा खोल्या भरल्या की तीन तासांत चार खोल्या होतात आणि नकाशा अर्धा राहतो.

आपल्या तळघरात पाच गॉब्लिन (खुजे, दुष्ट जीव), चार सांगाडे आणि एक महाकाय गोम, असे तीन वस्तीचे कोपरे धरू. खजिना किती ठेवायचा ते उलट्या हिशोबानं काढा. या नियमांत बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक अनुभवगुण मिळतो. दुसऱ्या पातळीला फायटरला (लढवय्याला) 2000 गुण लागतात, थीफला (चोराला) 1200, मॅजिक-यूझरला (जादूगाराला) 2500. तीन-चार मोहिमांत कुणीच वर चढलं नाही तर खजिना वाढवा, असं पुस्तिकाच सुचवते. पाच फायटर चार रात्रींत चढायचे तर 10,000 गुण, म्हणजे रात्रीला 2500 नाणी. सगळी सापडत नाहीत, म्हणून तळघरात तीन हजारांच्या आसपास ठेवा आणि त्यातली बरीचशी राक्षसांपासून दूर लपवा.

फासे नसतील तर

खेळाला 4, 6, 8, 10, 12 आणि 20 बाजूंचे फासे लागतात. ऑनलाइन संच मिळतात, पण शनिवार उद्यावर आला असेल तर घरातला हौजीचा डबा काढा. 1 ते 20 आकडे एका पिशवीत, 1 ते 8 दुसऱ्या पिशवीत. आकडा काढा, वाचा, परत टाका. परत टाकायला विसरलं की शक्यता बिघडतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी विसरतंच. चार बाजूंचा हवा असेल तर लुडोचा फासा टाका आणि 5-6 आले तर पुन्हा टाका. ही काही आपलीच काटकसर नव्हे. फाशांचा तुटवडा पडला तेव्हा 1979 च्या सुमारास खुद्द हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं त्याच्या खोक्यात आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते.

आठ ते साडेआठ: पात्रं

तीन फासे (इथून पुढे नुसतं ‘फासे’ म्हणजे सहा बाजूंचे) सहा वेळा, दरवेळी बेरीज, आलेल्या क्रमानं: शक्ती, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा, छाप. 9 ते 12 आलं तर काही फरक नाही, 13 ते 15 ला +1, 6 ते 8 ला -1. क्रम बदलू द्यायचा नाही, यातच वेग आहे. ‘मला कोण व्हायचंय’ हा प्रश्न नवख्याला वीस मिनिटं खातो. ‘शक्ती 14 आली, बुद्धी 7, तर फायटर बरा’ हे वीस सेकंदांत उरकतं. हवा तो वर्ग मिळाला नाही म्हणून कुणी हिरमुसतं, हे खरं. त्याला सांगा, पात्र मेलं तर नवं पाच मिनिटांत होतं. ही थट्टा नाही. पहिल्या पातळीला ते घडतंच.

पात्र बनवताना खरा वेळ जातो तो खरेदीत. सुरुवातीचे पैसे तीन फासे गुणिले दहा, म्हणजे सरासरी 105 नाणी, आणि किंमतीच्या यादीवर पाच जण एकदम तुटून पडले की पाऊण तास गेला. उपाय म्हणून चार चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवा. फायटर: साखळीचं चिलखत 40, ढाल 10, तलवार 10, पाठपिशवी 5, सहा मशाली 1, चकमकीचा डबा 3, पन्नास फूट दोर 1, आठवड्याची शिदोरी 5. एकूण 75. क्लेरिक (लढणारा पुरोहित): तेच चिलखत आणि ढाल, गदा 5, धर्मचिन्ह 25, पिशवी, शिदोरी, मिळून 90. थीफला चामडी चिलखत 20, तलवार 10 आणि हत्यारांची गुंडाळी 25. मॅजिक-यूझरला खंजीर 3 आणि हातात मशाल. उरलेली नाणी नुसत्या आकड्यानं लिहून घ्या, दुकान बंद.

कंदील मात्र पहिल्या रात्री देऊ नका. मशाल सहा टर्न (टर्न म्हणजे खेळातली दहा मिनिटं) जळते, कंदील एका तेलाच्या कुपीवर चोवीस. आपल्या तीन तासांत साधारण अठराच टर्न होतात, म्हणजे कंदील घेतला की उजेडाचा प्रश्न रात्रभरासाठी मिटला. मशालीही तशा स्वस्त आहेत आणि पुरून उरतात. पण मशाल धरणाऱ्याचा एक हात अडकतो, दर सहा टर्नांनी नवी पेटवावी लागते, आणि ती धरणारा पडला की अंधार. टेबलावर घड्याळ वाजत राहण्यासाठी एवढं पुरतं.

टर्न हेच यंत्र

भुयारातली दहा मिनिटं म्हणजे एक टर्न. एका टर्नमध्ये धातूचं चिलखत घातलेली मंडळी 60 फूट सरकतात, चामड्याचं घातलेली 90, काहीच न घातलेली 120. खजिना उचलला की प्रत्येकी तीस फूट कमी. पूर्ण टोळीचा वेग म्हणजे सर्वांत हळू माणसाचा वेग. किंवा एका टर्नमध्ये एखादी जागा शोधता येते: गुप्त दरवाजा असेल तर तो सापडण्याची शक्यता सहात एक, एल्फला (जादुई वंशाच्या पात्राला) सहात दोन. पाच टर्न हालचाल झाली की सहावा टर्न विश्रांतीचा.

डीएमच्या कागदावर चौकटींची एक ओळ हवी. प्रत्येक टर्नला एक चौकट खोडा. दर दुसऱ्या चौकटीला ठिपका: तिथे सहाचा फासा टाकायचा, 1 आला तर भटका राक्षस. दर सहाव्या चौकटीला जाड रेघ: मशाल बदला, बसा. एवढ्यानं तीन तासांचा सांगाडा उभा राहतो.

हे यंत्र काय करतं ते आकड्यांत पाहा. एका तासाच्या भटकंतीत तीन फासे पडतात, आणि निदान एक राक्षस येण्याची शक्यता 42 टक्के. आपल्या अठरा टर्नांत नऊ फासे, म्हणजे सरासरी दीड भेट. अख्ख्या रात्रीत एकही भेट न होण्याची शक्यता 19 टक्के. त्यामुळे ‘अजून एकदा भिंत चाचपू का?’ या प्रश्नाला किंमत येते. चाचपा की, एक टर्न जाईल. डीएमला ‘चला पुढे’ म्हणावं लागत नाही. वेळकाढूपणाला फासाच उत्तर देतो.

चौकटी खोडणं सोडलेला खेळ लगेच ओळखू येतो. प्रत्येक खोलीत प्रत्येक फरशी ठोकली जाते, कारण ठोकण्यानं काहीच बिघडत नाही. मग डीएम कंटाळून गुप्त दरवाजा फुकट दाखवतो आणि दोष नियमांना देतो, की जुने आहेत, रटाळ आहेत. नियम त्यानं वापरलेलेच नसतात.

दुसरा वेळखाऊ भाग नकाशा. पुस्तिकेच्या पद्धतीत डीएम तोंडी मापं सांगतो आणि एक खेळाडू कागदावर काढतो. ‘उत्तरेला वीस फूट, मग पूर्वेला वळण, डावीकडे दार.’ मुरलेल्या मंडळींना यात मजा येते. पहिल्या रात्री मात्र ही सरळ वेळेची नासाडी आहे, कारण अर्धा वेळ ‘डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?’ यातच जातो. डीएमनं स्वतः ढोबळ रेघा मारून द्याव्यात.

भेट म्हणजे लढाई नव्हे

राक्षस दिसला की क्रम ठरलेला. दोन्ही बाजूंना सहाचा फासा, 1-2 आलं तर ती बाजू गाफील. अंतर दोन फासे गुणिले दहा फूट. मग दोन फाशांची बेरीज, समोरच्याचा कल कळण्यासाठी: 2 आले तर थेट हल्ला, 3 ते 5 वैरभाव, 6 ते 8 संभ्रम, 9 ते 11 हल्ला नाही, निघून जातील किंवा बोलणं ऐकतील, 12 ला दोस्ती.

छत्तीस शक्यतांपैकी थेट हल्ल्याची एकच, वैरभावाच्या नऊ. उरलेल्या सव्वीसांत, म्हणजे 72 टक्के वेळा, बोलायला वाव आहे. आमच्या मते ही या पुस्तिकेतली सर्वांत मोलाची ओळ आहे, आणि सर्वांत जास्त वगळली जाणारीही. ती वगळली की प्रत्येक भेट लढाई होते आणि रात्र दोन खोल्यांत संपते. ठेवली की गॉब्लिन म्हणतो, ‘पलीकडच्या खोलीतली हाडं हलतात, ती हटवा, मग दार सोडतो.’ असला सौदा डीएमला आधी लिहून ठेवावा लागत नाही. फाशावर 9 आला आणि शेजारच्या खोलीत सांगाडे आहेत, एवढंच त्याला ठाऊक असतं. एक अपवाद लक्षात ठेवा. टोळीत ड्वार्फ (ठेंगू वंशाचं पात्र) असेल तर गॉब्लिन त्याला पाहताच हल्ला करतात, तिथे फासा नाही.

लढाई झालीच तर

दर फेरीला प्रत्येक बाजूचा एक फासा, मोठा आकडा आधी. पाच जणांचे पाच वेगळे क्रमांक लावायचे नाहीत. जिंकलेली बाजू आपसांत ठरवून एकदम हलते: आधी हालचाल, मग नेम, मग मंत्र, मग हातघाई. ज्याला काही सुचत नाही त्याला शेजारचा सुचवतो, त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

पहिल्या पातळीला वार लागण्याचा हिशोब सगळ्यांना एकच: वीसच्या फाशावर 19 वजा समोरच्याचा आर्मर क्लास, तेवढे किंवा जास्त हवेत. या नियमांत तो आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, आणि नवखा इथे हमखास गोंधळतो. त्याला उलगडून सांगत बसू नका, डीएमनं वजाबाकी करून ‘13 किंवा वर हवेत’ एवढंच म्हणावं. गॉब्लिनचा क्लास 6, म्हणून 13, म्हणजे 40 टक्के. सगळ्या शस्त्रांचा मार पहिल्या रात्री सहाच्या फाशानं. शस्त्रागणिक वेगळा फासा हा पुस्तिकेतही ऐच्छिकच आहे.

आता गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) आठच्या फाशातून एक वजा, किमान एक. लागलेल्या वारांपैकी 56 टक्के त्याला जागीच पाडतात. वार लागण्याची शक्यता जोडली की एका प्रयत्नाला साडेबावीस टक्के. चौघे लढत असतील तर फेरीला जवळजवळ एक गॉब्लिन पडतो. पहिला पडला की धैर्याची परीक्षा: दोन फासे, 7 पेक्षा जास्त आले तर पळापळ. निम्मे पडले की पुन्हा परीक्षा. दोन्हींत टिकण्याची शक्यता 34 टक्के. म्हणजे तीनातल्या दोन लढाया शेवटचा गॉब्लिन मरण्याआधीच संपतात, बहुधा तिसऱ्या फेरीच्या आत. टेबलावर ही पंधरा मिनिटं.

सांगाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं धैर्य 12, ते कधीच पळत नाहीत. तिथे क्लेरिक लागतो: पहिल्या पातळीला त्याच्याकडे एकही मंत्र नसतो, पण दोन फाशांत 7 आले की सांगाडे मागे हटतात. हे न सांगितल्यास क्लेरिक घेतलेला खेळाडू रात्रभर ‘मी कशाला आहे?’ म्हणत बसतो. मॅजिक-यूझरचा दिवसाचा एकच मंत्र झोपेचा असेल तर तो दोन आठांच्या फाशांइतक्या हिट डाइसचे (शत्रूच्या ताकदीचं माप) शत्रू निजवतो, सरासरी नऊ. पाच गॉब्लिनांची खोली एका वाक्यात गार. तो मंत्र कधी काढायचा यावर पाच जण जितकं भांडतील तितकं चांगलं.

आपल्या बाजूचं गणितही निर्दय आहे. चिलखत-ढालवाल्या फायटरला (क्लास 4) गॉब्लिनचा वार 30 टक्के वेळा लागतो, आणि लागलेल्या वारांपैकी 44 टक्के त्याचा जीव घेतात. मॅजिक-यूझरला 55 टक्के वेळा लागतो, आणि त्यातले 75 टक्के जीवघेणे. शून्य म्हणजे मेलं. पाचव्या आवृत्तीसारखे मरतानाचे जादा फासे इथे नाहीत. पहिल्या रात्री एक-दोन पात्रं जातात, त्याची तयारी चेहऱ्यावर नको, टेबलावर हवी: दोन कोऱ्या पात्रांच्या चिठ्ठ्या आणि पुढच्या खोलीत बांधून ठेवलेला एखादा कैदी.

आणि या लढाईतून मिळतं काय? गॉब्लिनमागे पाच गुण. पाच मारले तर पंचवीस, पाच जणांत वाटून प्रत्येकी पाच. फायटरला हवेत 2000. हे एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. त्यानंतर खेळाडू दारावर कान लावू लागतात, तेल ओतून आग लावायच्या गोष्टी करतात, गॉब्लिनांना शिदोरी देऊन वाट विचारतात.

जिथे पुस्तिका खरोखर लंगडते

थीफ. पहिल्या पातळीला कुलूप उघडण्याची शक्यता 15 टक्के, सापळा शोधण्याची 10, लपण्याची 10. दहातल्या नऊ वेळा फसणारा चोर पाहून नवखा खेळाडू खचतो. भिंत चढणं मात्र 87 टक्के. दुरुस्ती सोपी आहे. खेळाडूनं नेमकं सांगितलं, ‘पेटीच्या झाकणाखालून खंजिराचं पातं फिरवतो, तार लागते का बघतो’, तर फासा न टाकता उत्तर द्या. टक्के हे त्याखेरीजची जादा संधी समजा. तसाही सापळा दरवेळी उडत नाही. त्यावर पाय पडला तरी सहात दोन.

ज्या कृतीला नियमच नाही, तिथे वीसचा फासा टाकून आकडा पात्राच्या शक्ती, चपळाई अशा संबंधित गुणाइतका किंवा कमी आला तर जमलं. पुस्तिकेत हा सल्ला शेवटाकडे दडलेला आहे. पहिल्या पानावर लिहून ठेवावा इतका तो कामाचा आहे.

मांडणीही आजच्या मानानं विखुरलेली आहे. गॅव्हिन नॉर्मन यांनी 2019 मध्ये ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’मध्ये हेच नियम जवळपास जसेच्या तसे ठेवून फक्त नीट लावले, आर्मर क्लास चढता की उतरता, हा पर्यायही दिला. पानं चाळण्यात जाणारा वेळ तिथे वाचतो. त्याहून लहान खेळांनी वेगळी कात्री चालवली. बेन मिल्टन यांच्या सात पानी ‘नेव्ह’नं (2018) वर्गच काढून टाकले, पात्राची ओळख त्याच्या पिशवीत. क्रिस मॅकडॉवल यांच्या ‘इन्टू द ऑड’नं (2014) वार लागतो का हा फासाच काढला, सरळ मार किती तेवढं टाकायचं, योचाई गॅल यांचं ‘केर्न’ (2020) त्याच वाटेनं जातं. आपल्या टेबलावर याचा अर्थ असा की हुकणारे 60 टक्के वार नाहीसे. लढाई पाच-सात मिनिटांवर येते, आणि ती सुरू करण्याची हिंमत कुणी करत नाही. ज्या टेबलाला हुकलेल्या फाशांचा कंटाळा येतो त्यानं तिकडे जावं. पण चौकटींची ओळ आणि कल सांगणारे दोन फासे सोबत न्यावेत.

दहा पस्तीस

या मिनिटाला, मंडळी कुठेही असोत, डीएमनं घड्याळ दाखवायचं: पंचवीस मिनिटं उरली, बाहेर पडा. खजिना भुयारातच राहिला तर गुण शून्य, आणि अकराला आत असलेल्याचं पुढच्या वेळी काय झालं हे ठरवणं कटकटीचं, कारण तो पुढच्या शनिवारी येईलच असं नाही. म्हणून प्रत्येक रात्र गावात सुरू आणि गावात संपायला हवी. परतीची वाट माहीत असेल तर प्रत्येक टर्नचं वर्णन नको. टर्न मोजा, चौकटी खोडा, ठिपक्याला फासा टाका. चांदीची गोणी उचललेली टोळी आता टर्नला 30 फूट सरकते, आणि गॉब्लिन 60. गोणी टाकायची की नाही, यावर शेवटची दहा मिनिटं जातात.

बाहेर आल्यावर बेरीज: नाणी अधिक राक्षसांचे गुण, भागिले जिवंत परतलेले. मेलेल्याचा वाटा नाही, त्यानं नवं पात्र घेतलं असेल तर त्या पात्राला मिळतो. आकडे चिठ्ठ्यांवर लिहा आणि चिठ्ठ्या डीएमनंच ठेवून घ्या. घरी गेलेली चिठ्ठी परत येत नाही.